लाइव्हली बेटावरचे पाच दिवस

ट्रॅव्हल एजंटच्या दुकानातल्या मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या कार्डिगनकडे, आणि म्हणाली, "इट्स व्हेरी लाइव्हली देअर, लव्ह. आर यू शुअर?"

मी शुअर नव्हते, पण हो म्हणाले. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "लाइव्हली म्हणजे काय?"

"म्हणजे तिथे कोणी झोपत नाही."

"मग आपली मुलगी तिथे काय करते?"

"न झोपणाऱ्यांची काळजी घेते," मी म्हणाले. ह्यांना ते विनोदी वाटलं नाही, आणि खरं म्हणजे मी विनोद केलाही नव्हता.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. आम्ही लेस्टरला राहत होतो. हे हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डांत डॉक्टर, मी कौन्सिलच्या लायब्ररीत अर्धवेळ. एकुलती एक मुलगी मँचेस्टरला मेडिसिन करत होती. तिसरं वर्ष संपता संपता तिने एके दिवशी फोन करून सांगितलं, की आपण कॉलेज सोडलं असून एका ग्रीक बेटावर हॉलिडे रेपची नोकरी धरली आहे. हॉलिडे रेप म्हणजे पॅकेज टूरवर आलेल्या लोकांना विमानतळावरून हॉटेलात नेणारी आणि आठवडाभर त्यांच्या तक्रारी ऐकणारी कंपनीची मुलगी. आणि इथे येणारे लोक म्हणजे अठरा ते पंचवीस वयाची पोरं. वर्षभर दुकानांत, गॅरेजमध्ये राबायचं आणि ऑगस्टमध्ये सात दिवस किनाऱ्यावर नाचायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम.

मराठी मंडळात आम्ही सांगत होतो, तिने एक वर्षाचा ब्रेक घेतलाय, सध्या युरोपात असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. युरोप हा शब्द मोठा सोयीचा आहे. ऐकणाऱ्याला त्यात व्हिएन्ना दिसतं, आणि आपणही काही खोटं बोललो नाही असं वाटतं.

मेडिकल कॉलेजने तिची जागा वर्षभर राखून ठेवली होती. परत यायचं असेल तर ऑगस्ट संपायच्या आत एका फॉर्मवर तिची सही हवी होती. तीन पत्रं पाठवली, उत्तर नाही. म्हणून मी स्वतः जाऊन सही घेऊन यायची, असं ठरलं. वरकरणी एवढंच.

आतली गोष्ट अशी, की जुलैमध्ये ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या, आणि ऑगस्टच्या अखेरीची बायपासची तारीख मिळाली. त्या काळी बायपास म्हणजे आजच्याइतकी सवयीची गोष्ट नव्हती. स्वतः डॉक्टर असूनही ह्यांनी ते तारखेचं पत्र तीनतीनदा वाचलं. आणि त्यांची एकच अट होती.

"तिला कळवायचं नाही. ऑपरेशन होऊन मी घरी आलो की सांगू. आत्ता सांगितलं तर ती घाबरून सही करेल, आणि मला तशी सही नको आहे."

"आणि काही कमीजास्त झालं तर?"

"नाही होणार," ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

मी कबूल झाले. का झाले, ते समजायला आणखी मागे जावं लागेल, कारण असं कबूल होण्याची माझी ती पहिली वेळ नव्हती.

परीक्षेच्या दिवसांत मुलांना वाईट बातमी कळवायची नाही, हा आमच्या लोकांचा अलिखित नियम आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नाही. माझी मॅट्रिक चालू असताना माझी सख्खी मावशी गेली आणि मला ते भूगोलाचा पेपर देऊन घरी आल्यावर कळलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, घरातल्या सगळ्यांनी आपल्यासाठी चार दिवस रडू दाबून धरलं याचं अप्रूपच वाटलं.

माझे सासरे शेवटची पंधरा वर्षं आमच्याकडे लेस्टरला होते. मुलीला शाळेत सोडणं, आणणं, तिला मराठी वाचायला शिकवणं, तिच्याबरोबर टीव्हीवर स्नूकर बघणं हे सगळं त्यांनी केलं. आम्ही दोघं कामावर. ती त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली म्हटलं तरी चालेल. ती मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देत असताना ते बागेत पडले, न्यूमोनिया झाला, आणि सातव्या दिवशी गेले. परीक्षा संपायला आणखी आठवडा होता. आम्ही तिला कळवलं नाही. मँचेस्टर म्हणजे काही मुंबई नव्हे, गाडीने अडीच-तीन तासांचा रस्ता. पण नियम तो नियम. तिने रविवारी फोन केला आणि म्हणाली, "आजोबांना दे." मी म्हणाले, "झोपलेत." पुढच्या रविवारी तिने पुन्हा विचारलं. तोपर्यंत त्यांचे अंत्यसंस्कारसुद्धा झाले होते. मी म्हणाले, "झोपलेत."

परीक्षा संपवून ती घरी आली तेव्हा दारातूनच "आजोबा, फार्मॅकोलॉजी मस्त गेला!" असं ओरडत आली. पुढच्या खोलीत हार घातलेला फोटो होता. ती त्याच्यापुढे कोट न काढता उभी राहिली. रडली नाही, भांडली नाही. परीक्षेत ती पहिल्या दहांत आली. आम्हाला वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

नंतर तिने कॉलेज सोडलं तेव्हा आम्ही पुष्कळ कारणं शोधली. संगत, एखादा मुलगा, अभ्यासाचा ताण. हे कारण आम्ही शोधलं नाही.

तर अशी मी, पन्नाशीला टेकलेली बाई, सुटकेसमध्ये दशम्या, चिवडा, लिंबाचं लोणचं आणि तो फॉर्म घेऊन एका शनिवारी पहाटे विमानात बसले. ह्यांचे एक मित्र बायकोसह आमच्या घरी राहायला आले होते, तेव्हा ह्यांची काळजी नव्हती. विमानात माझ्याखेरीज सगळी पोरंच. दहा-बारा जणांनी एकसारखे टीशर्ट घातले होते आणि त्यांवर एकमेकांची ठेवलेली नावं छापली होती. ती नावं मी इथे लिहिणार नाही.

माझ्या शेजारी कॉव्हेंट्रीची एक मुलगी होती, केस कापण्याचं काम शिकणारी. तिचा पहिलाच विमानप्रवास. भीतीने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिला आवळासुपारी दिली. तिने ती वाईट तोंड करून चघळली आणि मग मोकळी होऊन बोलायला लागली. आई कामानिमित्त सतत बाहेर, म्हणून ती तिच्या नॅनकडे, म्हणजे आजीकडे वाढली. हॉलिडेसाठी उन्हाची टोपीही नॅननेच घेऊन दिली होती. "यू ऑन हॉलिडे बाय युअरसेल्फ?" तिने विचारलं.

"माझी मुलगी तिथे काम करते," मी म्हणाले. हे वाक्य मी वर्षभरात पहिल्यांदाच कोणापुढे सरळ उच्चारलं होतं.

विमानतळाबाहेर कोचच्या दाराशी माझी मुलगी उभी होती. पिवळा टीशर्ट, गळ्यात शिट्टी, हातात यादी, उन्हाने माझ्याहून काळी झालेली. मी येणार हे मी तिला कळवलं नव्हतं. पण यादीत माझं नाव होतं, आणि त्या यादीत आमचं आडनाव दुसऱ्या कोणाचं असणार? ती चारपाच दिवसांपूर्वीच सगळं वाचून बसली होती.

"रूम एकशे चार," ती माझ्या नावापुढे खूण करत मराठीत म्हणाली. "मागचा साइड आहे. तिकडे आवाज कमी येतो." आणि माझ्यामागच्या मुलाकडे वळली.

मला रागही आला आणि बरंही वाटलं. मिठी नाही, नमस्कार नाही. पण खोली तिने शोधून ठेवली होती.

कोच सुरू झाला तशी ती पुढे मायक्रोफोन घेऊन उभी राहिली, आणि या गावाकडून कशाची अपेक्षा ठेवायची ते सांगू लागली. इंग्रजीतच अर्थात. ती म्हणाली, ब्रोशरमध्ये लिहिलंय समुद्र दोन मिनिटांवर, तर तो जाताना दोन मिनिटांवर आहे आणि येताना चढ लागतो म्हणून दहा. लिफ्ट आहे, ती मूड असेल तेव्हा चालते. पहिल्या दिवशी उन्हात अर्धा तास, जास्त नाही. तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, तेव्हा कॅलॅमाइनची बाटली माझ्या टेबलावर असेल. इथले बारवाले दारू मापाने ओतत नाहीत, मैत्रीने ओततात, तेव्हा प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. स्कूटर भाड्याने घेऊ नका, आणि घ्यायचीच तर बूट आणि पूर्ण पँट घालून. हॉटेलचं कार्ड बुटात ठेवा, खिशात नको. ज्यांच्याबरोबर गेलात त्यांच्याबरोबरच परत या. बुधवारपर्यंत या कोचमधलं कोणीतरी रडेल. ते फक्त दमल्यामुळे असतं, त्याची लाज वाटून घेऊ नका. आणि रिसेप्शनच्या बाजूला फोन आहे, घरी फोन करा.

पोरं हसत होती, ओरडत होती, पण ऐकतही होती. लायब्ररीत शाळेच्या मुलांपुढे बोलताना मला इतकं कधी जमलं नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "काहीही झालं तरी मला सांगा. मी दचकणार नाही आणि रागावणारही नाही. फक्त लपवू नका. मला माहीत नसेल तर मला काही करता येत नाही."

मी खिडकीबाहेर पाहिलं. माझ्या पर्समध्ये ह्यांच्या ऑपरेशनच्या पत्राची प्रत होती.

त्या गावाबद्दल माझ्या मनात जे चित्र होतं ते सगळं खरंच निघालं, आणि तरी ते अपुरं होतं. रात्रभर मागच्या बाजूच्या खोलीतसुद्धा ढोल ऐकू यायचा, तेव्हा पुढच्या बाजूला काय असेल कोण जाणे. पण सकाळ मला कोणी सांगितली नव्हती. सकाळी सातला तिथे कोणीही नसायचं. एक म्हातारा ग्रीक नळीने रस्ता धूत असायचा, मांजरं खुर्च्यांवर झोपलेली, आणि समुद्र इतका स्वच्छ की साडी वर धरून मी गुडघ्यापर्यंत आत जायचे. दुपारी बारानंतर एकेक पोरगं बाहेर यायचं, लाल, सुजलेलं, केविलवाणं. रात्री ज्यांची भीती वाटावी ती सगळी दुपारी आजारी वासरांसारखी दिसायची.

सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सहा माझी मुलगी रिसेप्शनमधल्या एका टेबलाशी बसायची. मी समोरच्या वेताच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायचे. कोणाचा पाय काचेने कापलेला, कोणाचा पासपोर्ट हरवलेला, कोणाचं मैत्रिणीशी भांडण झालेलं. ती पट्टी बांधायची, फोन करायची, भांडणारींना एकाच बाकावर बसवून आइस्क्रीम खायला लावायची. दुसऱ्या दिवशी एक मुलगा पोटदुखीने वाकडा होत आला तेव्हा तिने त्याच्या पोटावर कुठे दाबलं ते मी पाहिलं, आणि पाच मिनिटांत तिने टॅक्सी बोलावून त्याला क्लिनिकमध्ये पाठवलं. अपेंडिक्सच निघालं.

"बघ," मी संध्याकाळी तिला म्हणाले, "शेवटी तुझा हात तिकडेच जातो. डॉक्टरकीकडे."

"आई, डोन्ट," ती म्हणाली.

मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. तिने तो घडी न उलगडता टेबलाच्या खणात टाकला. "बघते मी," म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न पाहता, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"तूच का आलीस? ते का नाही आले?"

"त्यांना रजा नाही मिळाली."

हे तिने सोमवारी सकाळीही विचारलं. त्या संध्याकाळी मी तिला खोलीत बोलावून दशमी आणि लोणचं दिलं, तेव्हा घास तोंडात असतानाही विचारलं. ती मूर्ख नव्हती. काहीतरी आहे याचा वास तिला लागला होता, आणि ती मला संधी देत होती. मी तिन्ही वेळा म्हणाले, बरे आहेत. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पण मी ह्यांना शब्द दिला होता, आणि तिच्या खणात तो सही न झालेला कागद होता. आधी सही, मग बघू, असं माझं चाललं होतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तिच्या टेबलावरचा फोन वाजला. मी समोर उलटे टाके घालत होते. तिकडून कोण बोलतंय ते मला ऐकू येत नव्हतं, पण माझ्या मुलीच्या बोलण्यावरून कळलं. कॉव्हेंट्रीच्या त्या मुलीची आई होती. नॅन त्या पहाटे गेली होती, झोपेतच. आणि आई सांगत होती, की पोरीला काही कळवू नका. तिचा पहिलाच हॉलिडे आहे. शनिवारी घरी येईलच, तेव्हा सांगू. फ्युनरल पुढच्या मंगळवारी आहे, मग आत्ता सांगून तिचा आठवडा कशाला नासवायचा?

माझे हात थांबले. मला वाटत आलं होतं, हे वेड फक्त आमच्याच लोकांत आहे.

माझी मुलगी उभी राहिली. फोनची वायर तिने मुठीत घट्ट धरली होती. आवाज मात्र अगदी हळू. ती म्हणाली, तुमच्या आईचं ऐकून मला फार वाईट वाटलं. मला कळतंय तुम्ही हे प्रेमानेच करताय. पण मी तिला रोज भेटणार आहे. ती रोज मला हसून गुड मॉर्निंग म्हणणार, आणि मला माहीत असणार आणि तिला नसणार. नंतर ती प्रत्येक दिवस मोजेल. बुधवारी मी काय करत होते, गुरुवारी मी कोणत्या गाण्यावर नाचत होते, आणि तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. ती तुम्हाला माफ करेल कदाचित. पण पुढच्या वेळी फोनवर तुम्ही 'सगळं ठीक आहे' म्हणालात की तिला ते खरं वाटणार नाही. कधीच नाही.

मग बराच वेळ ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही सांगा. मी तिला फोनपाशी आणते आणि तिच्याजवळ उभी राहते."

ती पोहण्याच्या तलावाकडे गेली. ती मुलगी टोपी डोळ्यांवर ओढून पडली होती. माझ्या मुलीने तिला हात धरून आणलं, फोन दिला, आणि तिच्या खांद्यामागे उभी राहिली. पुढचं मी पाहिलं नाही. मी विणकामात मान घातली. ऐकू आलं ते मात्र आलंच.

तासाभराने मी विचारलं, "जाते का ती घरी? तिकिटाचं काही करता येईल?"

"ती नाही जात. शनिवारपर्यंत राहते म्हणाली. फ्युनरल मंगळवारी आहे."

"राहते? इथे? नाचायला?"

"आई, तो तिचा डिसिजन आहे. राहू दे, जाऊ दे, काय पण. पण तिला माहीत आहे ना आता." आणि मग ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "मला पण चॉइस पाहिजे होता. मी कदाचित परीक्षा दिला पण असता. मला माहीत नाही. तुम्ही मला कधी विचारलंच नाही."

दोन वर्षं मी वाट पाहत होते की ती कधीतरी भांडेल. ती भांडत नव्हती, नुसती सांगत होती, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. मी तिला म्हणाले, "वर चल. खोलीत. मला काही सांगायचंय."

खोलीत मी पर्समधून हॉस्पिटलचं पत्र काढून तिच्या हातात दिलं. बोलायला मला जमलं नसतं. तिने ते उभ्याउभ्या वाचलं. आधी तिच्यातली अर्धीमुर्धी डॉक्टर बोलली. किती व्हेसल्स, कोण सर्जन, दुखतं कधी, चालताना की बसल्यावर पण? मी उत्तरं दिली. मग ती पलंगावर बसली.

"बाबांनी सांगितलं, मला सांगू नको?"

"हो."

"आणि तू ओके म्हणालीस."

"हो."

"पुन्हा."

"हो, पुन्हा," मी म्हणाले. "माझं चुकलं. तेव्हाही चुकलं आणि आत्ताही. तुझ्या आजोबांच्या वेळी आम्ही तुला फोन करायला हवा होता. मला तेव्हाही रात्री झोप लागत नव्हती, पण मला वाटायचं, हेच प्रेम."

आमच्याकडे आईबाप मुलांची माफी मागत नाहीत. माझ्या आईने कधी मागितली नाही, तिच्या आईनेही मागितली नसणार. कशी मागतात ते मला माहीत नव्हतं, तेव्हा जशी सुचली तशी मागितली.

ती चिडली. "चार दिवस! चार दिवस तू इथे विणत बसलीस आणि मला बरे आहेत, बरे आहेत!" असं म्हणून ती दार आपटून गेली, आणि संध्याकाळच्या पाचच्या वेळेला टेबलाशी बसलेली असताना माझ्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही. मी मात्र खुर्चीतून हलले नाही. टेबल बंद केल्यावर तिने फोन उचलला, लेस्टरचा नंबर फिरवला, आणि म्हणाली, "बाबा, मला आईने सांगितलं. तिच्यावर ओरडू नका. मी येतेय." मग खूप वेळ नुसती "हं, हं" करत राहिली. एकदा हसली. नंतर मला कळलं की हे फोनवर रडले होते, आणि रडता रडता तिला विचारत होते की तिथे तुला जेवायला नीट मिळतं का.

बुधवारी संध्याकाळच्या विमानात तिच्या कंपनीने आम्हा दोघींना जागा करून दिल्या. निघताना कॉव्हेंट्रीची मुलगी दारापर्यंत आली आणि माझ्या मुलीला बराच वेळ मिठी मारून उभी राहिली. तिने माझ्याकडे पुन्हा आवळासुपारी मागितली. मी डबीच दिली.

ह्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं. ती महिनाभर घरी होती. त्या फॉर्मवर तिने सही केली नाही, आणि ती कधीच डॉक्टर झाली नाही. ह्यांना ते जड गेलं, अजूनही जातं. पुढे ती काय झाली ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती सांगायचा हक्क तिचा. मंडळात मात्र मी त्या दिवाळीला सगळ्यांना सांगून टाकलं की माझी मुलगी हॉलिडे रेप आहे, आणि फार चांगली आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते त्या विमानातलं. विमान अर्धं रिकामं होतं. ती खिडकीशी बसली होती. जेवणाचे ट्रे गेल्यावर ती म्हणाली, "आजोबांचं सांग."

"काय सांगू?"

"सगळं. पडले तिथून सांग. मला कोणी सांगितलंच नाही, आणि मग मी पण विचारलं नाही."

मग मी सांगत गेले. ते गुलाबाला पाणी घालताना कसे पडले, चष्मा घरी विसरला म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये कसे चिडले, मुलाच्याच हॉस्पिटलात नर्सेसशी आपल्या इंग्रजीत कसे गप्पा मारत होते. चौथ्या दिवसापासून ताप उतरेना. ती एकेक गोष्ट नीट ऐकत होती, मध्येच थांबवून विचारत होती. कोणता वॉर्ड? खिडकी होती का? काय खाल्लं?

"माझ्याबद्दल विचारलं का त्यांनी?"

इथे मी थांबले. इतकी सवय जिभेला, की खोटं तयार होऊन ओठांपर्यंत आलंच होतं.

"रोज विचारायचे," मी म्हणाले. "आली का, म्हणायचे. आणि मी सांगायचे, निघालीय, पोचेलच. दोन दिवस त्यांना ते खरं वाटलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तिची परीक्षा आहे ना? राहू दे, बोलावू नका. पण झाली की तिला सांग, मी वाट पाहिली होती. रागावून नाही म्हणत, म्हणाले, नुसतं सांग."

तो निरोप त्यांनी माझ्याकडे दिला होता, आणि तिला ऐकून वाईट वाटेल म्हणून दोन वर्षं मी तो दिलाच नव्हता, हेही मी तिला सांगितलं.

तिने तोंडावर दोन्ही हात धरले. हवाईसुंदरी चहा विचारून पुढे गेली. मग हात खाली घेऊन ती म्हणाली, "आई, ते परत सांग. ते म्हणाले तसंच."

मी परत सांगितलं.